कर्जाची हद्द : बँकेची वेगळी, घराची वेगळी

दोन-तीन वर्षांपूर्वी मोबाईल हातात घेतला की दिवसाला तीन-चार तरी निरोप आलेले असायचे. अभिनंदन, आपल्याला अमुक लाखांचे कर्ज मंजूर झाले आहे. मागितले कोणी होते, हा प्रश्नच नव्हता. गटाच्या कर्जाचे साहेब तर जुने कर्ज फिटायच्या आतच नव्याचा अर्ज घेऊन गल्लीत हजर असत. आता निरोप कमी झाले. साहेब आता आधी आधार क्रमांक मोबाईलवर टाकून बघतात आणि मान हलवतात, ‘ताई, तुमचं होणार नाही.’

वस्तीत याचे दोन अर्थ लावले जातात. कोणी म्हणते, लोक शहाणे झाले, कर्ज घ्यायचे कमी झाले. कोणी म्हणते, आपल्यालाच नाकारतात. दोन्ही गोष्टी काही घरांपुरत्या खऱ्या असतील. पण मुख्य कारण वेगळेच आहे. दार आपण लावलेले नाही, ते पलीकडून लागले आहे. आणि पलीकडून लागलेले दार पलीकडच्याला वाटेल तेव्हा पुन्हा उघडते, म्हणून हा विषय आत्ताच घरात बोलायला हवा.

झाले काय ते आधी पाहू. १६ नोव्हेंबर २०२३ रोजी रिझर्व्ह बँकेने एक परिपत्रक काढले. विनातारण वैयक्तिक कर्ज देताना बँकेने स्वतःचे भांडवल जास्त बाजूला ठेवावे, असा त्याचा अर्थ. जोखमीचा भार शंभर टक्क्यांवरून सव्वाशे टक्के केला. सोप्या भाषेत, शंभर रुपयांच्या अशा कर्जामागे बँकेला पूर्वी किमान नऊ रुपये भांडवल लागायचे, ते सव्वाअकरा रुपये लागू लागले. क्रेडिट कार्डांसाठीही भार वाढवला. घर, शिक्षण, वाहन आणि सोने तारण ठेवून घेतलेली कर्जे मात्र यातून वगळली. यातले ‘सोने’ लक्षात ठेवा, त्याकडे आपण शेवटी येणार आहोत.

परिणाम दिसायला वर्ष लागले नाही. विनातारण वैयक्तिक कर्जे वर्षाला वीस टक्क्यांच्या पुढच्या वेगाने वाढत होती, तो वेग २०२५ च्या मार्चपर्यंत दहा टक्क्यांच्या आसपास आणि त्याखाली आला. म्हणजे कर्ज तेव्हाही वाढतच होते, फक्त सावकाश. बायकांच्या गटांना मिळणाऱ्या छोट्या कर्जांचे मात्र तसे नाही, तिथे आकडा खरोखरच घटला. देशभरातली अशी थकबाकी मार्च २०२४ मध्ये चार लाख कोटी रुपयांच्या वर होती, ती वर्षभरात चार लाख कोटींच्या खाली आली. हप्ते थकू लागले होते, म्हणून या कंपन्यांच्या संघटनेनेच सभासदांना बंधन घातले. एका बाईच्या नावावर अशी कर्जे दोन लाखांच्या वर जाऊ द्यायची नाहीत, आणि १ एप्रिल २०२५ पासून तीनपेक्षा जास्त कंपन्यांनी एकाच बाईला कर्ज द्यायचे नाही. एका स्वयंपाकघरावर चार-पाच कंपन्यांचे हप्ते चढले होते, याची ही कबुलीच आहे.

रिझर्व्ह बँकेच्या जून २०२५ च्या अहवालाप्रमाणे कर्जदार माणसामागे सरासरी कर्ज ४ लाख ८० हजार रुपये होते. त्याच्या दोन वर्षे आधी ते ३ लाख ९० हजार होते. घरांवरच्या एकूण कर्जातला निम्म्याहून अधिक भाग घर बांधण्याचा नाही, शेतीचा नाही, धंद्याचाही नाही. तो खर्चाचा आहे. मोबाईल, फर्निचर, गाडी, लग्न, दवाखाना.

निम्मी कमाई हप्त्यात?

गटाच्या कर्जासाठी रिझर्व्ह बँकेचा २०२२ चा नियम असा आहे. ज्या कुटुंबाचे वर्षाचे उत्पन्न तीन लाखांपर्यंत आहे, त्याला विनातारण दिलेले कर्ज हे सूक्ष्म कर्ज. आणि त्या कुटुंबाच्या सगळ्या कर्जांचे मिळून महिन्याचे हप्ते उत्पन्नाच्या ५० टक्क्यांच्या पुढे जाता कामा नयेत. नियम चांगला आहे. तो नव्हता तेव्हा काय व्हायचे हे वस्तीतल्या बायकांना विचारा. पण बँकेने घातलेली ही मर्यादा म्हणजे आपल्याला परवडणारी रक्कम, असे बरीच घरे समजतात. तिथे गणित चुकते.

भिवंडीतले पाच माणसांचे घर घेऊ. वर्षाला तीन लाख, म्हणजे महिन्याला पंचवीस हजार. एका खोलीचे भाडे सहा हजार. किराणा, दूध, भाजी, गोश्त धरून नऊ हजार. गॅस आणि लाईट दोन हजार. मुलांची शाळा, मदरसा, रिक्षा अडीच हजार. मोबाईलचे सातशे. दवापाण्याचे एक हजार. गावाकडे अम्मी-अब्बांना दीड हजार. बेरीज बावीस हजार सातशे. हातात उरले दोन हजार तीनशे. कपडे, ईद, पाहुणे अजून यायचेच आहेत.

नियमाप्रमाणे या घराला महिन्याला साडेबारा हजारांचा हप्ता चालतो. घराच्या वहीप्रमाणे दोन हजार तीनशेसुद्धा ओढूनताणून. या दोन आकड्यांमधली दहा हजारांची जी दरी आहे, त्यातच घरातली भांडणे होतात, मुलाची शाळा सुटते, एका कंपनीचा हप्ता भरायला दुसरीचे कर्ज घेतले जाते.

बँकेची हद्द बँकेचे पैसे बुडू नयेत म्हणून असते. तुमच्या घरात दूध येते की नाही, हे तिला पाहायचे नसते आणि तिने पाहावे अशी अपेक्षाही चुकीची. ते पाहणारा घरातलाच कोणी हवा.

शिवाय बँक पाहते ती सरासरी कमाई. आपल्यातली पुष्कळ घरे सरासरीवर चालत नाहीत. भिवंडी-मालेगावात यंत्रमागाला मंदी आली की पाळ्या कमी होतात, आठवड्यातले दोन-दोन दिवस माग बंद राहतात. पंचवीस हजारांचे एकोणीस होतात आणि वरच्या घरात एकही हप्ता नसताना तीन हजार सातशेची तूट येते. रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. कर्जाचे हप्ते बारा महिने, कमाई दहा महिने. रिक्षावाला, गवंडी, फेरीवाला यांचा पावसाळा कसा जातो ते वेगळे सांगायला नको.

म्हणून हद्द ठरवायची ती सगळ्यात वाईट महिन्यावरून. गेल्या वर्षातले कमी कमाईचे तीन महिने काढा. त्यांची सरासरी घ्या, त्यातून घरखर्च वजा करा. जे उरेल त्याच्या निम्म्यापर्यंत हप्ता झेपतो, उरलेले अर्धे आजारपणाला. काहीच उरत नसेल तर त्या घराची हद्द शून्य आहे, मग मोबाईलवर कितीही लाख मंजूर होवोत.

आखाती कमाईवर चालणाऱ्या कोकणातल्या घरांनी आणखी एक गोष्ट पाहावी. कुवेत-कतारचा करार दोन वर्षांचा आणि गावी बांधलेल्या घराचे हप्ते पंधरा वर्षांचे, हे जुळत नाही. २०२० मध्ये कितीतरी जण बॅगा घेऊन परतले. पगार थांबला, हप्ते पुढे ढकलले गेले तरी त्यावरचे व्याज थांबले नाही. करार संपेपर्यंत फिटेल एवढेच कर्ज, आणि पुढचे बांधकाम पुढच्या कराराच्या पैशातून, असे काही जुनी माणसे करत. घराला सिमेंटचा गिलावा पाच वर्षे मिळायचा नाही. पण घर कोणी जप्त करायचे नाही.

सिबिलला न दिसणारी कर्जे

बँक आपला सिबिल पाहते. त्यात तिला कार्ड दिसते, गाडीचे कर्ज दिसते, गटाचे दिसते. जे दिसत नाही ते बरेच असते.

पहिली भिशी. भिशी ही बचत आहे असे आपण म्हणतो, आणि शेवटचा नंबर लागला तर ती बचतच आहे. पण बारा जणांच्या दोन हजारांच्या भिशीत तिसऱ्या महिन्यात चोवीस हजार उचलले, की पुढचे नऊ हप्ते म्हणजे अठरा हजार रुपये हे कर्ज आहे. त्यावर व्याज नाही, पण ते बुडवले तर अकरा घरे बुडतात, आणि ती घरे आपल्याच गल्लीतली असतात. मग किराणा दुकानाची वही. मग मेहुण्याने दुबईहून पाठवलेले पन्नास हजार, जे द्यायचे आहेत हे दोघांनाही ठाऊक आहे पण कोणी बोलत नाही. मित्राच्या गाडीला आपण जामीन राहिलो ती सही सिबिलला दिसते, पण आपल्या हिशेबात नसते, तीसुद्धा अर्धे कर्जच. तो थकला की पहिला फोन आपल्याला येतो.

उधार मेहर तर आपण मोजतच नाही. निकाहनाम्यात ‘उधार’ लिहून वर्षे उलटतात. ते पतीवर असलेले खरेखुरे कर्ज आहे, पतीचा इंतकाल झाला तर वारसा वाटण्याआधी फेडायचे कर्ज. ज्या घरात दहा हजारांच्या मोबाईलचा हप्ता कधी चुकत नाही, त्याच घरात मेहर तीस वर्षे थकलेली असते. या विसंगतीवर वाज करणारे थोडे कमीच बोलतात.

नियमातली एक फट इथे सांगून टाकतो. ५० टक्क्यांच्या हिशेबात ‘कुटुंब’ म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुले. आपल्याकडे एका छताखाली अम्मी-अब्बा, दोन भाऊ, त्यांच्या बायका असतात आणि चूल एक असते. कागदावर ती तीन कुटुंबे. तिन्ही कुटुंबांतल्या बायकांच्या नावावर वेगवेगळी गटकर्जे निघू शकतात, प्रत्येक कर्ज नियमात बसते, आणि ते फेडणारी कमाई मात्र बहुधा एकाच माणसाची. शिवाय गटाचे कर्ज बाईच्या नावाने निघते आणि पैसे बऱ्याचदा नवऱ्याच्या किंवा दिराच्या कामाला जातात. थकले की सिबिल खराब होतो तिचा. पुढे तिला शिलाई मशीनसाठी दहा हजार हवे असले तरी दार बंद. सही करण्याआधी पैसे कुठे जाणार आणि हप्ता कोण देणार, हे तिने विचारावे आणि घराने त्याचे उत्तर द्यावे. यात बेअदबी नाही.

सिबिलचा अहवाल वर्षातून एकदा फुकट मागवता येतो. मागवा. कधी कधी आपल्या नावावर आपल्यालाच ठाऊक नसलेले कर्ज निघते.

‘व्याज नाही’ म्हणजे काय?

व्याज हराम आहे, हे या मासिकाच्या वाचकाला सांगायला नको. आणि म्हणूनच ‘बिनव्याजी हप्ते’ हा शब्द आपल्या घरात सहज शिरतो. दुकानदार म्हणतो, भाभी, यात एक पैसाही व्याज नाही, नो-कॉस्ट आहे. आपणही सुटकेचा श्वास सोडतो.

कार्डाच्या पत्रकात काय छापून येते ते पाहा. चोवीस हजारांचा मोबाईल, दोन हजारांचे बारा हप्ते. दिसायला व्याज शून्य. पण बँकेचा व्याजदर पंधरा टक्के असेल तर तिच्या वहीत मुद्दल असते सुमारे बावीस हजार एकशे साठ आणि व्याज सुमारे अठराशे चाळीस. दुकान किंवा कंपनी तेवढी सूट देते, म्हणून बेरीज चोवीस हजारच येते. कार्डावरच्या हप्त्यात त्या व्याजावर अठरा टक्के जीएसटी आपल्याकडूनच जातो, सुमारे तीनशे तीस रुपये. प्रक्रिया शुल्क दोनशेच्या आसपास आणि त्यावर पुन्हा कर. आणि रोख देणाऱ्याला जी हजार-पाचशेची सवलत मिळाली असती ती गेलीच. शून्य टक्के व्याज असे काही नसते, ही गोष्ट खुद्द रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्ये बँकांना सुनावली होती. हा व्यवहार जायज की नाजायज, हे आपल्या मुफ्तीसाहेबांना विचारावे. पण विचारताना ‘व्याज नाही’ असे दुकानदाराचे वाक्य न सांगता बँकेचे पत्रक समोर ठेवावे.

दुसरी फसगत ‘फ्लॅट’ दराची. एक लाखावर बारा टक्के फ्लॅट, दोन वर्षे. चोवीस हजार व्याज मिळवून भागले की हप्ता येतो पाच हजार एकशे सदुसष्ट. ऐकायला बारा टक्के. पण दर महिन्याला मुद्दल कमी होत असताना व्याज मात्र पूर्ण लाखावर घेतले जाते. खरा दर पडतो साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर एक तक्ता देणे बँकांना आणि वित्त कंपन्यांना बंधनकारक झाले आहे. त्यात सगळे शुल्क धरून वर्षाचा खरा दर लिहिलेला असतो. तो कर्जदाराला समजेल अशा भाषेत असला पाहिजे. मराठीत मागा, उर्दूत वाचता येत असेल तर उर्दूत मागून बघा.

क्रेडिट कार्डाबद्दल एवढेच. पन्नास हजार थकले आणि दर महिन्याला साडेतीन टक्के व्याज असेल, तर व्याज सतराशे पन्नास, त्यावर जीएसटी तीनशे पंधरा. ‘किमान रक्कम’ म्हणून अडीच हजार भरले तर कर्जातून कमी होतात चारशे पस्तीस रुपये. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कार्डावरची तीस टक्क्यांची कमाल मर्यादा घालणारा ग्राहक आयोगाचा जुना निकाल रद्द केला. त्यामुळे ही हद्दही कोणी बाहेरचा घालून देणार नाही.

मग बिनव्याजी मिळते कुठे?

प्रामाणिक उत्तर असे की थोड्या ठिकाणी आणि थोडेच. रघुराम राजन समितीने २००८ मध्ये बिनव्याजी बँकिंगचा विचार करावा असे सुचवले होते. २०१७ मध्ये रिझर्व्ह बँकेने हा प्रस्ताव पुढे नेणार नसल्याचे स्पष्ट केले. उरल्या त्या बिनव्याजी पतसंस्था, जमातींचे बैतुल माल, कर्जे हसनाचे छोटे फंड. काही उत्तम चालतात. बरेच बसले, आणि ते बेइमानीने बसले असे नाही. लिहिले नाही आणि मागितले नाही म्हणून बसले. आपल्याच माणसाकडे लेखी काय मागायचे, हा संकोच. कुरआनमधली सगळ्यात मोठी आयत, सूरह बकराची २८२ वी, नेमकी याच गोष्टीची आहे. कर्ज लिहून ठेवा, मुदत लिहा, साक्षीदार ठेवा. त्याच्या दोनच आयती आधी अडचणीतल्या कर्जदाराला सवलत देण्याचा हुकूम आहे. दोन्ही बरोबर चालतात. ज्या फंडाने पहिली सोडली त्याला दुसरी पाळायला पैसेच उरले नाहीत.

मोहल्ल्यात नवा फंड काढायचा असेल तर पाच-दहा हजारांपासून सुरू करावा. दवाखाना, शाळेची फी, कामाचे हत्यार एवढ्यासाठीच. लग्नाच्या हॉलसाठी नाही. लग्नासाठी कर्जे हसना देणे म्हणजे हॉलवाल्याला देणे आहे. आणि ‘हलाल नफा’ म्हणून दरमहा ठरावीक मोठी रक्कम देऊ करणाऱ्यापासून चार हात लांब राहावे. २०१९ मध्ये बंगळुरूच्या आयएमएमध्ये हजारो मुस्लिम घरांची आयुष्यभराची कमाई गेली. दाढी-टोपी पाहून पैसे ठेवले होते.

जकातीच्या आठ हक्कदारांमध्ये कर्जात बुडालेला माणूस आहे, सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत. रमजानमध्ये आपण रेशनचे किट वाटतो, चांगलेच आहे. पण गल्लीतल्या एका घराचे सावकारी कर्ज दहा घरांनी मिळून एकदाच फेडून टाकले, तर ते घर पुढच्या रमजानला किटच्या रांगेत नसते. पैगंबर (स.) यांनी एका कर्जदाराच्या जनाज्याची नमाज स्वतः पढवायचे टाळले आणि हजरत अबू कतादा (रजि.) यांनी त्याचे कर्ज अंगावर घेतल्यावरच पढवली, ही हदीस आपण सगळे ऐकत आलो आहोत. तिचा पहिला अर्धा भाग आपण कर्जदाराला ऐकवतो. दुसरा अर्धा बाकीच्यांसाठी आहे.

हद्द ओलांडून गेलेली घरे

ज्यांचे हप्ते आधीच झेपेनासे झाले आहेत, त्यांना वरची वजाबाकी वाचून उपयोग नाही. त्यांनी आधी मोबाईल-अॅपची बेकायदा कर्जे संपवावीत. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्जाच्या अॅपला तुमच्या फोनमधली नावे-नंबर घेता येत नाहीत. जो घेतो, फोटो बिघडवून नातेवाइकांना पाठवण्याची धमकी देतो, तो कर्जदाता नाही, गुन्हेगार आहे. १९३० वर सायबर तक्रार करा. लाजेने गप्प बसू नका. मग विनापरवाना सावकार. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्याने परवान्याशिवाय सावकारी हा गुन्हा आहे, तक्रार सहकार खात्याच्या जिल्हा उपनिबंधकाकडे होते. त्यानंतर क्रेडिट कार्ड. गाडी-घराचे शेवटी, कारण त्यांचा दर कमी असतो. हप्ते मात्र त्यांचेही चुकवू नयेत.

एक फेडायला दुसरे घेऊ नका. बँकेत स्वतः जाऊन मुदत वाढवून मागा, लेखी मागा. वसुलीवाल्यांना सकाळी आठच्या आधी आणि संध्याकाळी सातनंतर फोन करता येत नाही, शिवीगाळ करता येत नाही, शेजाऱ्यांसमोर बेइज्जत करता येत नाही. गटाचे कर्ज मुदतीआधी फेडले तर दंड घेता येत नाही. तक्रार आधी कंपनीकडे, तीस दिवसांत दाद मिळाली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. त्यासाठी माहिती १४४४८ या क्रमांकावर मिळते. तडजोडीत कमी रकमेवर खाते बंद केले तर सिबिलवर ‘सेटल्ड’ असा शेरा राहतो, हे आधीच माहीत असू द्या. आणि कर्ज फिटले की ‘काही देणे नाही’ असा दाखला घेतल्याशिवाय घरी येऊ नका.

आता सोन्याचे

विनातारण कर्जावर बंधन आले आणि सोने त्यातून वगळले गेले, हे सुरुवातीला पाहिले. त्यातच सोन्याचा भाव चढत गेला, २०२५ मध्ये दहा ग्रॅमला एक लाखाच्या वर. बँकांनी दिलेली सोनेतारण कर्जे मार्च २०२४ ला सुमारे एक लाख कोटी होती, ती मार्च २०२५ ला दोन लाख कोटींच्या वर गेली. यातला काही भाग शेतीकर्जांच्या नोंदी इकडे वळवल्यामुळे वाढला, तरी उरलेली वाढ लहान नाही. म्हणजे कर्ज कमी झाले म्हणून जे समाधान व्यक्त होते आहे, त्यातले बरेच कर्ज पर्समधून निघून कपाटात गेले आहे.

आणि कपाटातले सोने कोणाचे? आपल्या घरांत ते बहुतेक वेळा बाईचे असते. काही माहेरचे, काही मेहर म्हणून मिळालेले. मेहर तिची मालकी आहे, नवऱ्याची नाही, घराची नाही. तिने खुशीने दिले तर गोष्ट वेगळी. पण ‘खुशी’ म्हणजे काय, हे वसुलीवाला दारात उभा असताना विचारले तर उत्तर काय मिळणार? म्हणून तिचे दागिने गहाण टाकायचेच असतील तर ते तिच्याकडून घेतलेले कर्ज समजून कागदावर लिहावे. किती ग्रॅम, कोणते दागिने, कधी सोडवून देणार, खाली नवऱ्याची सही, दोन साक्षीदार. रुपयांत लिहू नये, ग्रॅममध्ये लिहावे. भाव वाढल्यावर रुपये परत मिळतात, दागिना मिळत नाही.

नवीन नियमांप्रमाणे १ एप्रिल २०२६ पासून अडीच लाखांपर्यंतच्या कर्जाला सोन्याच्या किमतीच्या ८५ टक्क्यांपर्यंत पैसे मिळू शकतात, पाच लाखांपर्यंत ८० टक्के, त्यावर ७५ टक्के. जास्त मिळते म्हणून जास्त उचलू नका. भाव थोडा उतरला तरी सावकाराची गादी हलते आणि लिलावाची नोटीस येते. वर्षाअखेर एकदम भरायचे कर्ज घेतले असेल तर व्याज तरी अधूनमधून भरत राहावे. व्याज न भरता नुसते नूतनीकरण करून घेण्याची सवय पुष्कळांना असते, तिच्यातच दागिने जातात. लिलाव करायचाच झाला तर आधी नोटीस द्यावी लागते, राखीव किंमत सोन्याच्या मूल्याच्या किमान ९० टक्के ठेवावी लागते, आणि कर्ज वळते करून उरलेले पैसे सात कामकाजाच्या दिवसांत तुम्हाला परत करावे लागतात. पूर्ण कर्ज फेडल्यावर दागिने त्याच दिवशी किंवा फार तर सात कामकाजाच्या दिवसांत मिळाले पाहिजेत. सावकाराच्या चुकीने उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई आहे.

दागिने ठेवताना वजन आपल्यासमोर करून घ्या. खडे, मोती, लाखेचे वजन वजा करून निव्वळ सोने किती धरले ते पावतीवर लिहून घ्या. खाते शक्यतो ज्या बहिणीचे दागिने आहेत तिच्याच नावाने काढावे, आणि पावती तिच्याजवळ राहू द्यावी.